नऊ वाव

विनायक सरांनी फळ्यावर एक आडवी रेघ ओढली आणि तिच्या दोन्ही टोकांना छोटे दांडे दिले. या उदाहरणातून त्यांना मिळण्यासारखं बरंच होतं. पनवेलात फिजिक्सचे क्लास पाच. चौघांच्या मुलांची नावं दर जूनमध्ये बोर्डावर झळकत, सरांच्या मुलांची नाही. बारा वर्षं ते पुस्तकातल्या गाड्या थांबवत आले होते. त्या थांबल्या काय आणि न थांबल्या काय, कुणाला फरक पडला नव्हता. आज खरी गाडी हाती आली होती. गावोगाव सांगितली जाईल अशी.

समोरच्या बाकावर अकरावीतली कोमल आणि तिची आई सोनाबाई. पंधरा दिवसांमागे, पहाटे, गव्हाण फाट्यापुढच्या वळणावर कोमलचा बाप काशिराम मासळीची टोपली घेऊन रस्ता ओलांडताना न्हावा शेव्याच्या ट्रेलरखाली गेला. चालवत होता भावेश. त्यांच्याच गावचा, चार घरं सोडून राहणारा. वळणावर चाळीसची पाटी होती. "चालीसच्या वर असलो तं पुन्ना स्टेरिंगला हात नाय लावनार," असं तो सगळ्यांसमोर म्हणाला होता. वर नसला, तर चूक काशिरामची. रविवारी गाव निवाड्याला बसणार होतं; चूक ज्याची, भरपाई त्याने भरायची.

पोलीस यायच्या आत सोनाबाईने एक काम केलं होतं. ट्रेलर जिथून घासत आला आणि जिथे थांबला, त्या काळ्या पट्ट्यावर तिने जाळ्याची दोरी अंथरली. मग ती उचलून, छातीसमोर हात पसरून, वाव-वाव मोजली.

"किती भरली?" सरांनी विचारलं.

"नऊ," कोमल म्हणाली.

"एक वाव म्हणजे सहा फूट. एक पूर्णांक आठ मीटर. मीटर सोळा पूर्णांक दोन." सरांनी रेघेखाली आकडा लिहिला. "शेवटचा वेग शून्य. भरलेला ट्रेलर, कोरडा रस्ता, त्वरण वजा पाच धरू. वेगाचा वर्ग एकशेबासष्ट. आता वर्गमूळ तू काढ."

कोमलने काढलं. तिचं अक्षर परीक्षेतल्यासारखंच आलं.

"ताशी सेहेचाळीस, सर."

"सेहेचाळीस," सर म्हणाले आणि खडू हलकेच पेटीत ठेवला. "कागदावर नीट उतरव. खाली मी सही करतो."

सोनाबाईने फळ्याकडे पाहिलं. "मास्तर, यात त्याचं नाव कुटं हाय?"

"नाव लागत नाही, बाई."

शनिवारी घरी सोनाबाई ओट्यावर बसून जुन्या जाळ्याची दोरी मोजत होती. हात पसरायची, दोरी छातीशी ओढायची, पुन्हा पसरायची. कोमल दारात उभी राहून बघत होती. लहानपणापासून तिच्या डोक्यात वाव म्हणजे बापाचे हात. ते दारात पसरले की दोन्ही चौकटींना लागत.

ती आत गेली आणि शिवणाची टेप घेऊन आली.

"आये, हात पसर."

"कनाला?"

"पसर ना."

सोनाबाईने पसरले. कोमलने या बोटापासून त्या बोटापर्यंत टेप धरली. एकशेसदतीस सेंटीमीटर.

सोनाबाईने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग बोटं ताणली, टाचा उचलल्या.

"आता बघ."

आकडा तोच होता. कोमलने टेप गुंडाळली. सोनाबाईचे हात तरी थोडा वेळ तसेच राहिले.

कोमल दुपारच्या एसटीने पनवेलला गेली. सर जेवून लवंडले होते. उठून त्यांनी तिचा नवा कागद पाहिला. नऊ वाव म्हणजे बारा पूर्णांक तेहेतीस मीटर. ताशी चाळीस.

"बरोबर चाळीस," ते म्हणाले. बराच वेळ त्यांनी पेनाचं टोपण उघडलं, मिटलं. "आपण त्वरण पाच धरलं होतं. ब्रेक चांगले असतील तर साडेसहा येऊ शकतं. मग पुन्हा सेहेचाळीस."

"ब्रेक चांगले होते, सर?"

"कुणाला माहीत."

"मग साडेसहा कुठून आलं?"

अशाच कारणासाठी सरांनी बारा वर्षांत कितीतरी पेपरांवर लाल गोळे ओढले होते. उत्तर आधी, रीत मागाहून. त्यांनी जुना कागद चार घड्या करून टेबलाच्या खणात टाकला आणि नव्यावर सही केली.

रविवारी देवळापुढे कोमलने तो कागद वाचून दाखवला. आवाज कुठे अडला नाही. पंचांतल्या कमलाकर पाटलाने विचारलं, "म्हंजी पोराची चूक नाय?" ती म्हणाली, "चाळीस आलंय." भावेश खाली मान घालून चप्पल उलटीसुलटी करत होता. सोनाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

सोमवारी भावेश ट्रेलरवर गेला. सरांनी ते उदाहरण नव्या बॅचला दिलं, "एक वाहन" अशी सुरुवात करून, त्वरण पाच धरून. मुलांना सोपं गेलं. चूक काशिरामच्या नावावर गेली, आणि त्याला आता काही भरायचं नव्हतं. सोनाबाई बाजाराला जाताना भावेशच्या दारावरून जाणं टाळते. खाडीच्या बांधाने वळसा पडतो. कोमलने एकदा पावलं मोजली: जादा चारशे जायची, चारशे यायची, डोक्यावर टोपली.