राणीमातेवरचा विलाप

पोटचा मुलगा आईच्या प्रेतापुढे विलाप करतो आणि विलाप करता करता पान उलटायला बोटाला थुंकी लावतो, ही जिजींची तक्रार होती. ती त्यांनी आधी सुनेला सांगितली, मग जिन्यात शेजारणीला, आणि कोणीच मनावर घेत नाही म्हटल्यावर थुंकीवाल्याला स्वतःलाच.

"पानं चिकटतात गं, आई," तो म्हणाला.

"मी मेलेय तिथं! पानं चिकटतात म्हणे."

प्रेत अर्थात नाटकातलं. सुनेची नाटकमंडळी होती आणि या खेपेला तिने एक जुनं, राजेरजवाड्यांचं नाटक काढलं होतं. त्यात भाऊ भावाला भोसकतो, काका पुतण्याचे डोळे काढतो, राणीमातेच्या तोंडावर उशी दाबतात आणि शेवटी सिंहासनावर बसायला कोणी उरत नाही. जागा मिळाली ती जुन्या कोर्टाची. इमारत इतकी जुनी, की रखवालदार कोणाला भिंतीला टेकूनही उभं राहू देत नसे. खिळा ठोकायचा नाही, ज्योत पेटवायची नाही, लाल रंगाचं तर फरशीजवळ नावही काढायचं नाही. तेव्हा सुनेने ठरवलं, नाटक करायचं नाही, नुसतं वाचायचं.

"सगळे मरतात म्हणतेस," जिजींनी विचारलं, "मग वाचतं कोण?"

"सगळेच वाचतात, आई."

"मग मरतात कशाला?"

सून पोट धरून हसली. जिजी हसल्या नाहीत. त्यांनी सरळ प्रश्न विचारला होता.

राणीमातेचं काम सासूला मिळालं, कारण तसा आवाज मंडळीत दुसऱ्या कोणाला नव्हता. जिजींची शाळा तिसरीत सुटलेली. अक्षरं त्या तांदळातल्या खड्यांसारखी एकेक करून वेचत. पण वाक्यं मोजकीच होती आणि सगळे शिव्याशाप, त्यामुळे पाठ व्हायला वेळ लागला नाही. त्यानंतर मरायचं. मरायचं म्हणजे आपल्या समोरचा छोटा दिवा बंद करायचा, कागद मिटायचे आणि मान खाली घालून गप्प बसायचं. यातलं शेवटचं जिजींना जमेल का, अशी कुजबुज मंडळीत चाले. जिजींना ती ऐकू येई.

धाकटा राजपुत्र म्हणून मुलगा होता. तो पाणीखात्यात मीटर वाचायचा. दारोदार आकडे मोठ्याने म्हणायची सवय, त्यामुळे 'माते, तुझ्याविना हा महाल ओसाड झाला' हेही त्याच सुरात. तालमीत लोक तोंडावर हात धरत. जिजींना मात्र हसू येत नसे. नवरा गेला तेव्हाही हा असाच होता. खुर्च्या कुठे मांडायच्या, कोणाला कळवायचं, चहाला दूध पुरेल का. डोळ्यांतून टिपूस नाही. आता आपली पाळी येईल तेव्हा काय होणार, ते त्यांना दर तालमीला, मान खाली घालून, ऐकायला मिळत होतं. खोट्यात ज्याला रडता येत नाही, तो खऱ्यात काय दिवे लावणार?

वाचनाच्या दुपारी कोर्ट गच्च भरलं. जिजींना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात खुर्ची होती. त्यांनी शाप दिले. छत उंच होतं, प्रत्येक शाप घुमून परत आला. जिजींना ही इमारत पसंत पडली. मग उशीचा प्रसंग आला, त्यांनी दिवा बंद केला आणि त्या मेल्या.

"माते," मुलगा म्हणाला.

पुढे काहीच नाही. बाकांवरची माणसं चुळबुळली. कोणीतरी खोकलं. चिकटलं पान, जिजींनी ताडलं. आता घराण्याची अब्रू जाणार.

"थुंकी लाव," त्या पुटपुटल्या.

पुटपुटणं शेवटच्या बाकापर्यंत पोचलं. मागे एकजण फिसकन हसला आणि लगेच थांबला. तो का थांबला, हे बघायला जिजींनी एक डोळा किंचित उघडला.

पान चिकटलं नव्हतं. ते मुलासमोर सताड उघडं होतं. तो बघत होता त्यांच्या विझलेल्या दिव्याकडे. नाक वाहत होतं. मग त्याच्या घशातून गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज आला. विलाप त्याने वाचला खरा, पण तुकड्या-तुकड्यांनी, अर्धे शब्द गिळून. महाल ओसाड झाला की नाही, कोणालाच कळलं नाही. पुढच्या रांगेत रुमाल निघाले.

जिजींनी डोळा मिटला. त्या मेल्या होत्या, त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं. नंतर कोणी कोणाला भोसकलं, कोणाचे डोळे गेले, यातलं त्यांच्या कानावर काही पडलं नाही.

सगळे गेल्यावर सून खुर्च्या रचू लागली. मुलगा पिंजऱ्यापाशी आला.

"तू मध्येच बोललीस, आई."

"बोलले."

"मला ना, तो दिवा गेल्यावर एकदम..."

"कळलं." जिजींनी रुमाल काढून त्याच्या हातात कोंबला आणि त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "रडतोस अगदी भिकार. अजून पुष्कळ वर्षं देते तुला. सुधार."