निळा फॉर्म, पिवळा फॉर्म

बाईंना कामाचा उरक भारी. मुलांच्या मनाच्या आरोग्याच्या त्या अभ्यासाचं हे तिसरं वर्ष, आणि घरोघर फिरून फॉर्म भरून आणणाऱ्या नऊ जणींत सगळ्यात जास्त फॉर्म ह्यांचे. मुलाचा निळा, आईचा पिवळा. दोघांनी वेगळ्या खोल्यांत बसून पेन्सिलने भरायचे, एकमेकांचे बघायचे नाहीत. दोन्हींतली उत्तरं फारच उलटसुलट निघाली, तर ऑफिस ती जोडी बाद करायचं. बाद म्हणजे मेहनत पाण्यात, वर साहेबांची बोलणी! मग बाई काय करायच्या, तर जिन्यात बसून खोडरबर काढायच्या आणि मुलाची दोन-चार उत्तरं आईच्या उत्तरांशी जुळवून टाकायच्या. आई कशाला खोटं बोलेल, असं त्यांचं साधं गणित. कुणाला पत्ताही लागत नसे.

तर त्या सकाळी बाई तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणवालीकडे आल्या. नवरा लांब पल्ल्याच्या गाडीवर, महिन्यातून चार दिवस घरी. बाकी घरात ही आणि सोळा वर्षांची मुलगी. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून तिला चिमणी म्हणायचे. आता ती दारात उभी राहिली की मागचं घर दिसत नव्हतं.

शिवणवालीचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. “पायरीवरून पडले,” ती विचारायच्या आधीच म्हणाली. गेल्या वर्षी ओठ फुटला होता, तेव्हा कपाटाचं दार लागलं होतं. बाई “जपा हो” म्हणाल्या, तिला पिवळा फॉर्म देऊन स्वयंपाकघरात बसवलं आणि चिमणीला घेऊन शिलाई मशीनच्या खोलीत गेल्या.

चिमणीने पेन्सिल हातात घेतली नाही.

“गेल्या वर्षी मी शेवटच्या चौकटीत खूण केली होती,” ती म्हणाली. “मला मदत हवी आहे, मला फोन करा. तीच चौकट. फोन का नाही आला?”

बाईंना लख्ख आठवत होतं. ‘मी घरातल्या माणसाला मारते’ ह्यापुढे पोरीने ‘नेहमी’ लिहिलं होतं, आणि आईने पिवळ्यावर ‘कधीच नाही’. बाईंनी ते ‘नेहमी’ खोडलं. मग सगळं छान असताना मदतीची खूण विचित्र दिसेल, म्हणून तीही खोडली. शहाणपणाच करायला गेल्या ना!

“मी दोन महिने फोन उशाशी घेऊन झोपले,” चिमणी सांगत होती. “परीक्षेलाही बंद नाही केला, शाळेतल्या मॅडमनी वर्गाबाहेर काढलं. मग वाटलं, वाचून म्हणाले असतील, हिचं काही होण्यासारखं नाही. मला राग आला ना, की मी माझी राहत नाही. एक दिवस आई मरेल माझ्या हातून.”

ऑफिसवाले असेच आहेत गं, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात दार ढकलून शिवणवाली आत आली. “काय सांगतेय ही? थट्टेखोर आहे हो, मनावर घेऊ नका,” असं म्हणत तिने पिवळा फॉर्म टेबलावर ठेवला.

चिमणीने तो वाचला. “कधीच नाही?” ती म्हणाली. “कधीच नाही, आई?”

आणि तिने तो प्लास्टरचा हात धरून पिरगाळला. शिवणवाली भिंतीवर आदळली, कपाळ फुटलं. कापड मोजायची लाकडी पट्टी चिमणीच्या हाताला लागली आणि ती आईच्या पाठीवर, खांद्यावर, मानेवर सपासप ओढू लागली. रक्त डोळ्यांत उतरलं तरी शिवणवाली हूं की चूं करेना. धडपडत उठली आणि चांगल्या हाताने तिने आधी खिडकी लावून घेतली. शेजारी ऐकतील म्हणून! बघून बाईंना भडभडून आलं.

“थांब!” त्या ओरडल्या. “तुझा फॉर्म मी खोडला! खूणसुद्धा मीच खोडली! ऑफिसात कुणी वाचलंच नाही गं!”

चिमणी वळली. पहिला फटका तोंडावर बसला, दात निखळून जिभेवर आला. दुसऱ्याला नाकाचं हाड मोडलेलं बाईंना स्वतःला ऐकू आलं. त्या मशीनखाली घुसल्या, तर लाथा बरगड्यांत बसल्या. आता मरतो आपण, असं त्यांना अगदी स्पष्ट वाटलं.

आणि तेव्हा शिवणवाली किंचाळली. इतका वेळ दाबून धरलेला तो आवाज जिन्यापर्यंत गेला असेल. “अगं, परकं माणूस आहे ते! परक्या माणसाला मारतेस?” ती लेकीच्या अंगावर पडली आणि दोघी जमिनीवर कोसळल्या.

पट्टी सुटली. चिमणी गुडघ्यांत तोंड खुपसून बसली.

बाईंना तोंडातल्या रक्ताने बोलता येत नव्हतं. त्यांनी निळा फॉर्म ओढून त्याच्या तळाशी छापलेला अभ्यासातल्या डॉक्टरणीचा नंबर बोटाने दाखवला. शिवणवालीने पदराने डोळ्यांतलं रक्त पुसून फोन लावला.

“माझी मुलगी मारते,” ती म्हणाली.

“कुणाला?” पलीकडून विचारलं.

शिवणवालीने एकदा बाईंकडे पाहिलं. नुसतं ‘ह्या बाईंना’ म्हणून सुटता आलं असतं.

“मला.”

“किती दिवसांपासून?”

“दोन वर्षं,” चिमणी गुडघ्यांतूनच पुटपुटली.

आईने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि नकारार्थी मान हलवली.

“चार,” ती फोनमध्ये म्हणाली.