गाडीतली डबी

“आता मॅडमचं बघू,” असं म्हणत जुन्या गाड्या हप्त्याने विकणाऱ्या कंपनीतल्या टायवाल्या पोराने संगणकावर दुसरं पान उघडलं आणि मी खाली बघायला लागले.

तोवर मी यांच्याकडे डोळे वटारून बघत होते. दोनच मिनिटांपूर्वी त्याच स्क्रीनवर मला पहिल्यांदा कळलं होतं, की सात वर्षांपूर्वी यांनी माझ्या थोरल्या दिरांच्या टेम्पोच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती. दीर टेम्पोसकट पसार झाले आणि बँकेने यांचं नाव लाल अक्षरांत घालून ठेवलं. लग्नाला एकवीस वर्षं झाली. शेजारच्या सुनेने नवे पडदे कितीला घेतले हेसुद्धा आम्ही एकमेकांना सांगतो. हे मात्र सांगितलं नव्हतं.

“मॅडमच्या नावावर एक फ्रीज दिसतोय,” टायवाला म्हणाला. “अठरापैकी अकरा हप्ते भरलेत. पुढचे नाहीत.”

“कुठला फ्रीज?” यांनी विचारलं.

“तो निळा हो. बंद पडला ना तो? मग मीही हप्ते बंद केले.”

“तू तर म्हणालीस, रोखीने घेतला.”

“आणि तुम्ही म्हणालात, दादांनी टेम्पो स्वतःच्या हिमतीवर घेतला.”

टायवाला हसला. पंचविशीतला, केस चापूनचोपून बसवलेले, आवाज औषधाच्या गोड सिरपसारखा. “भांडू नका हो. प्रत्येक घरात असं काहीतरी निघतं. कर्जासाठी दुसरीकडे कुठे विचारलंत का?”

“चार ठिकाणी, सगळीकडे नकार,” हे म्हणाले.

“मग आता आम्हीच,” तो म्हणाला. असं समाधान मी एखाद्याच्या चेहऱ्यावर भरपेट जेवल्यावरच पाहिलेलं आहे.

मी घरोघरी जाऊन ड्रेसिंग करणारी नर्स आहे. न भरणाऱ्या जखमा, अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठी, ऑपरेशननंतरचे टाके. दिवसाला नऊ घरं, तीही शहराच्या चार टोकांना. मी ती बसने करायची आणि शेवटच्या घरी पोचेपर्यंत माझे पाय पेशंटच्या पायांपेक्षा जास्त सुजलेले असायचे. त्या महिन्यात एजन्सीने पत्रक काढलं: पुढच्या एक तारखेपासून ज्यांच्याकडे स्वतःची गाडी आहे त्यांनाच काम. वय सेहेचाळीस. या वयात मला नव्याने कोण ठेवून घेणार होतं? गाडी मिळाली तर नोकरी होती, नाहीतर नव्हती. इतका सरळ हिशोब होता.

व्याज इतरांच्या दुपटीला टेकलेलं होतं. शिवाय अट अशी, की गाडीत कंपनीची डबी बसवायची. हप्ता चुकला की चौथ्या दिवशी ऑफिसातून बटण दाबायचं आणि गाडी जिथे असेल तिथे उभी राहिल्यावर पुन्हा सुरू होत नाही.

“डबीचं तुम्हाला काय सांगायचं!” टायवाला यांना म्हणाला. “दादा, तुम्हीच तर बसवता आमच्या सगळ्या.”

ते खरंच होतं. हे गाड्यांचं वायरिंग करतात. याच कंपनीच्या आवारात, गाडीमागे ठरलेल्या मजुरीवर, सहा वर्षं डब्या बसवत होते. आमच्या घरातलं निम्मं मीठ-पीठ त्या डब्यांवर आलेलं. ज्यांच्या गाड्यांत त्या बसतात त्या माणसांचा विचार मी कधी केला नव्हता. सही करताना मात्र तो पहिल्यांदा मनात आला.

आमच्या गाडीची डबी यांनीच बसवली. मी बॅटरीचा उजेड धरून शेजारी उभी होते. पांढरी, जुनी, पण इंजिन चांगलं असलेली गाडी. मागच्या काचेवर लहान मुलाने चिकटवलेली चांदणी कुणीतरी नखाने खरवडायचा प्रयत्न केला होता, ती अर्धीच निघाली होती. हे स्टिअरिंगखाली पाठीवर झोपून वायरी मोकळ्या करत होते. एकाएकी त्यांचे हात थांबले.

“काय झालं?”

“काही नाही.”

“मग थांबलात का?”

“जुनं वायरिंग आहे. बॅटरी नीट धर.”

बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. “अजून विचार कर,” ते म्हणाले. “दुसरी एखादी बघू.”

“दुसरी कुठली? तो ही एकच द्यायला तयार आहे. इंजिनात काही खोट आहे का?”

“इंजिन चांगलं आहे.”

“मग झालं तर,” मी म्हणाले आणि किल्ली हातात घेतली.

घरी आल्यावर मी कराराचे चौदा कागद वाचून काढले. औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठीसुद्धा मी शेवटपर्यंत वाचते, सवयच आहे. सही करण्याआधी वाचायला हवं होतं हे मान्य, पण त्याच्यासमोर चष्मा लावून बसायला लाज वाटली. अकराव्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: गाडी बंद केल्यावर हप्ता भरायला दहा दिवसांची मुदत मिळेल, मात्र बंद केलेली गाडी पैसे भरण्याआधी जागेवरून हलली, तर मुदत रद्द आणि गाडी ताब्यात. डबी गाडीचा ठावठिकाणा ऑफिसला सतत कळवत असतेच.

“अहो, हे जरा वाचता का?” मी म्हणाले.

“डबीचं ना? सहा वर्षं बसवतोय मी, आता तू मला शिकवणार?”

आवाज चिडका नव्हता, दुखावलेला होता. मी कागद कपाटात कपड्यांखाली ठेवून दिले.

पहिले चार महिने मी राणीसारखी हिंडले, खोटं कशाला बोलू? नऊ घरं करून तीनला घरी. पाय हलके. एका रविवारी आम्ही गावाबाहेरच्या तलावावर गेलो, काचा खाली करून शेंगदाणे खात बसलो. हे म्हणाले, “तू चालवतेस छान.” एकवीस वर्षांत ही माझी दुसरी स्तुती होती.

फक्त महिन्याचे तीन दिवस वाईट. हप्त्याच्या तारखेआधी तीन दिवस गाडी सुरू केली की डबी वाजायची. टीक, टीक, टीक. मोठा नव्हता आवाज, पण दातदुखीसारखा डोक्यात राहायचा. पैसे भरले की थांबायचा. माझ्या पेशंटांमध्ये एक निवृत्त मास्तर होते. साखरेच्या आजारामुळे त्यांच्या टाचेला जखम झाली होती आणि ती रोज धुवावी लागे. ते खिडकीत बसून माझी वाट बघत. एकदा म्हणाले, “बाई, तुमच्या गाडीत घड्याळ बसवलंय का? लांबूनच ऐकू येतं.”

“हो. तारीख सांगणारं,” मी म्हणाले. ते खूप हसले. मलाही हसावं लागलं.

पाचव्या महिन्यात एजन्सीने पगार लांबवला. आज करतो, उद्या करतो. टीक टीक सुरू झाली. मी टायवाल्याला फोन केला तर म्हणाला, “मॅडम, माझ्या हातात असतं तर लगेच केलं असतं. सिस्टीम आहे ना!” तारीख उलटली. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. चौथ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली तर डबी वाजलीच नाही. मला त्या शांततेची भीती वाटायला हवी होती, पण माझा जीव भांड्यात पडला.

मास्तरांची टाच धुऊन बाहेर आले, किल्ली फिरवली आणि काहीच झालं नाही. पुन्हा फिरवली. दिवाही लागला नाही. पुढे पाच घरं बाकी होती आणि मास्तर खिडकीतून बघत होते.

यांना फोन केला. सायकल हाणत आले, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. माझ्याकडे न बघताच म्हणाले, “सरक. दोन मिनिटांचं काम.”

“काय करणार?”

“डबी चुकवून आडवी वायर टाकतो. डबी जागेवर, तिला हातही लावत नाही. वायर टाकल्याचं कुणाला कळणारसुद्धा नाही.”

अकरावं पान माझ्या डोळ्यांसमोर लख्ख उभं राहिलं. बोलायला मी तोंड उघडलं. आणि यांचा चेहरा पाहिला. फ्रीजच्या दिवसापासून, नव्हे, त्याच्याही कितीतरी आधीपासून हे घरात खाली मान घालून वावरत होते. आत्ता, भर दुपारी, बायको अडकली आहे आणि ते तिला सोडवू शकतात एवढ्याने त्यांची मान ताठ झाली होती. मला ती मान पुन्हा खाली घालायची नव्हती. आणि खरं सांगू? मला पुढची पाच घरंही करायची होती. इतक्या गाड्यांमध्ये आपल्याच गाडीकडे कोण बघत बसलंय, असंही वाटलं.

मी तोंड मिटलं.

गाडी सुरू झाली. मास्तरांनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या. यांनी गाडीच्या टपावर थाप मारली. “जा,” म्हणाले, “उशीर होईल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दोन माणसं आली. अगदी सभ्य होती. पायऱ्यांवर चपला काढल्या, पाणी दिलं तर घेतलं, एक कागद पुढे केला. “काल अकरा पन्नासला बंद केलेली गाडी बारा वीसला हलली,” त्यातला एक म्हणाला. “पुढे पाच ठिकाणी गेली.” नकाशावर माझी पाचही घरं ठिपक्यांनी काढलेली होती. मी किल्ली दिली.

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत हे दारात उभे होते. मग आत येऊन खुर्चीवर बसले.

“मुदत होती ना दहा दिवसांची?” त्यांनी विचारलं.

“हलवली तर रद्द होते. अकराव्या पानावर आहे.”

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“काल, माझ्यासमोर उभी असताना, माहीत होतं?”

“हो,” मी म्हणाले. मला रडू फुटलं. “तुम्ही इतके खूश दिसत होता.”

ते उठून दार लोटून आले. मग म्हणाले, “त्या गाडीत मी आधी तीन डब्या बसवल्यात. तू बॅटरी धरून उभी होतीस तेव्हा दिसलं मला. चिकटपट्टीचं टोक मी आत दुमडतो, पुढच्या वेळी सुटायला सोपं जावं म्हणून. तीन थर होते, तिन्ही माझेच. तीनदा विकली गेली आणि तीनदा परत आली ती.”

“आणि मला सांगितलं नाहीत.”

“तू किल्ली हातात घेऊन हसत होतीस,” ते म्हणाले.

पगार तीन दिवसांनी जमा झाला. एजन्सीने माझी सहा घरं दुसरीला दिली. मास्तर आणि आणखी दोन पेशंट अडून बसले, म्हणून तेवढी तीन माझ्याकडे राहिली, ती मी पायी करायची. पुढच्या महिन्याचं नंतर बघू म्हणाले.

आठवड्याने टायवाल्याचा फोन आला, यांना. गाडी विकायला काढायची आहे, वायरिंग पूर्ववत करून नवी डबी बसवून द्या. नाही म्हटलं असतं तर आवारातलं कामही गेलं असतं. यांनी धुतलेला शर्ट घातला आणि हत्यारांची पिशवी उचलली. डिकीत माझा ड्रेसिंगचा डबा राहिला होता, म्हणून मीही सोबत गेले.

डबा घेऊन मी बाजूला उभी होते. हे स्टिअरिंगखाली झोपलेले, दारातून फक्त त्यांचे पाय बाहेर. तेवढ्यात एक तरुण जोडपं आलं. नवरा काचेपलीकडे टायवाल्यासमोर जाऊन बसला. ती गाडीभोवती फिरत राहिली. उंच, सडपातळ, हातात कारखान्याचं ओळखपत्र. तिने मला तिथलीच कुणी समजलं असावं.

“काकू, ही गाडी कशी आहे हो?”

टायवाल्याने काचेतून माझ्याकडे बघून हात हलवला. स्टिअरिंगखालचा स्क्रू फिरवल्याचा आवाज थांबला. हे कान देऊन ऐकत होते, मला माहीत होतं. मला तिला खूप काही सांगायचं होतं. पण आवारातलं काम गेलं तर तीन घरांवर आमचं भागणार नव्हतं.

“गाडी चांगली आहे,” मी म्हणाले. “इंजिन चांगलं आहे.”

ती मोकळं हसली आणि यांचे पाय ओलांडून आत जाऊन बसली. सीट माझ्या उंचीप्रमाणे पुढे ओढलेली होती. तिने ती मागे सरकवली आणि यांनी तिला जागा व्हावी म्हणून पाय आवरून घेतले.