गुलाबाचा बांध

जीवन गांगुर्डेला विमानात बसायची कधी हौस नव्हती. त्याला हौस होती ती विमान बघायची, आणि बघून त्याचा फोटो काढायची. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, असं तो म्हणायचा आणि या विनोदावर स्वतःच हसायचा. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात तो लेथ चालवायचा. आठवडाभर लोखंड कातायचं आणि सुट्टीच्या दिवशी लाल स्कूटर काढून, द्वारका चौकाच्या गर्दीतून वाट काढत, ओझरच्या विमानतळाकडे पळायचं, हा त्याचा शिरस्ता. तिथे काही धडाधड विमानं उतरत नाहीत. दिवसाकाठी मोजकी येतात, मोजकी जातात. पण जीवनला त्या मधल्या रिकाम्या वेळाचंच जास्त सुख होतं. द्राक्षबागांवरचं आभाळ बघत बसलं की डोळे उघडे ठेवून झोपल्यासारखं वाटायचं, आणि मग त्या झोपेत कुठूनतरी लांबून घरघर सुरू व्हायची.

बघायला चांगली जागा सापडणं मात्र सोपं नव्हतं. लेक स्नेहा लहान होती, स्कूटरवर पुढे उभी राहून यायची, तेव्हापासून दोघं जागा शोधत होते. कुंपणालगतच्या रस्त्यावर पहिल्याच दिवशी पहाऱ्यावरच्या जवानाने हटकलं. जीवनने मुकाट्याने कॅमेरा पिशवीत टाकला आणि तेव्हापासून नियमच केला, की कुंपणाकडे लेन्स वळवायची नाही, लांब जायचं आणि फक्त आभाळाकडे बघायचं. मग दहाव्या मैलाजवळच्या एका लॉजच्या गच्चीवर चहा-भज्यांच्या बदल्यात परवानगी मिळाली. पण तिथे मध्ये विजेच्या तारा. प्रत्येक फोटोत विमान वाळत घातल्यासारखं दिसायचं. स्नेहा त्या फोटोंना 'धुणं' म्हणायची.

शेवटी जानोरीच्या शिवारात रंगूबाईंचा गुलाबाचा बांध सापडला. धावपट्टीच्या पश्चिम टोकापासून बराच पुढे, पश्चिमेलाच, मध्ये एक निळं शेततळं, एका बाजूला द्राक्षबाग आणि बांधावर एकच बाभूळ. पश्चिमेचा वारा असला की विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं, म्हणजे थेट बांधाच्या अंगावर येतं. संध्याकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो, त्यामुळे विमानाचं नाक, पंख, खिडक्या, सगळं सोनेरी होऊन समोर येतं. वारा कुठला हे द्राक्षबागेतल्या चमचमत्या पट्ट्या सांगायच्या. पाखरं उडवायला लावलेल्या त्या पट्ट्या ज्या दिशेला फडफडतील तिकडे स्नेहा बोट दाखवायची आणि ओरडायची, "बाबा, आज आपल्याकडे!"

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यामुळेच झाला. आपल्याकडे घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. 'येते' म्हणायचं, आणि घरातल्याने 'ये' म्हणायचं, की मग चपला घालायला मोकळे. जीवनची बायको छाया याबाबतीत भलतीच कडक. पण जीवनला असल्या गोष्टींची चीड. "शब्दाने काय होतंय? जातेस तर सरळ जाते म्हण," असं त्याने स्नेहाला ती शाळेत जायला लागली तेव्हाच शिकवलं होतं, आणि पोरगी बापाची. रोज दारात उभी राहून ठणकावून सांगायची, "आई, जाते!" छाया कपाळाला हात लावायची. त्या घरात स्नेहाने 'येते' म्हटलं, तर त्याचा अर्थ एकच होता, की ती घरी येते आहे.

आणि आता ही स्नेहा चालली होती जर्मनीला. नर्सिंग झालं, जर्मन शिकून झाली, तिथल्या एका इस्पितळाने बोलावून घेतलं. आज नाशिकहून दिल्ली, मध्यरात्री तिथून पुढे. करार तीन वर्षांचा. कॉलनीत पेढे वाटून झाले होते. जीवनने सगळ्यांना हसून पेढे दिले होते आणि रात्री गच्चीवर जाऊन उगाच पाण्याची टाकी तपासली होती. पोरीचं भलं व्हावं असं त्याला मनापासून वाटत होतं. तिने जाऊ नये असंही त्याला तितक्याच मनापासून वाटत होतं. ही दुसरी गोष्ट तो कुणाजवळ बोलला नाही.

बोलला ते भलतंच. निघायच्या दिवशी दुपारी जेवताना म्हणाला, "मी काही विमानतळाच्या दारात येत नाही. तुझी आई येईल सोडायला. मी बांधावर थांबतो."

स्नेहाचा हात ताटात थांबला. "बांधावर?"

"वारा आज पश्चिमेचा आहे. तुझं विमान माझ्या डोक्यावरूनच जाणार. असा फोटो पुन्हा मिळायचा नाही. मी तो पिवळा रेनकोट घालतो, म्हणजे तुला वरून दिसेन. म्हणून तर तुला डावीकडची खिडकी घ्यायला लावली."

"बाबा, मी तीन वर्षांसाठी चाललेय, आणि तुम्ही माझ्या विमानाचा फोटो काढणार? तुम्हाला मी हवीय की विमान?"

याला खरं उत्तर होतं. काचेच्या त्या दारातून लेक आत जाताना, पाठमोरी होताना, आपल्याच्याने बघवणार नाही, हे ते उत्तर. पण जीवन म्हणाला, "दारात गर्दी असते गं. तिथून काही दिसत नाही."

स्नेहाने ताट उचललं. कॅब आली, बॅगा चढल्या. छायाने दारात तिचा हात धरला आणि अक्षरशः गयावया केली, "आज तरी येते म्हण, बाई. एवढ्या लांब चाललीस." स्नेहाने आईकडे पाहिलं, मग बापाकडे रोखून पाहिलं आणि म्हणाली, "जाते मी." कॅबचं दार धाडकन लागलं.

शब्दाने काही होत नाही, असं जीवनने द्वारकेपर्यंत स्वतःला चारदा सांगितलं. आडगावपर्यंत आणखी कितीदा, कुणास ठाऊक.

बांधावर पोचला तेव्हा ऊन कलतं झालं होतं. फेब्रुवारी सरत आला होता, हवेत गुलाबांचा आणि ओल्या मातीचा वास होता. शेततळ्याच्या पाण्यात आख्खं आभाळ उतरून बसलं होतं. पट्ट्या पूर्वेकडे फडफडत होत्या, म्हणजे वारा हवा तसाच. त्याने पिवळा रेनकोट चढवला. भर उन्हात रेनकोट घातलेला माणूस बघून रंगूबाई फुलं खुडता खुडता थांबल्या.

"काय ओ दादा, पाऊस येनार हाय का?"

"नाही मावशी. लेक चाललीय विमानाने. तिला दिसावं म्हणून."

"तीच का, बोटं दाखवून वरडायची ती? मोठी झाली म्हनायची." त्यांनी आभाळाकडे एकदा बघून घेतलं, जणू तिथे काही लिहिलं असावं, आणि पुन्हा खुडायला लागल्या.

दिल्लीहून यायचं विमान आलं. लांब पूर्वेकडे चिमणीएवढं दिसलं, मोठं झालं, झाडांमागे उतरलं. हेच विमान स्नेहाला घेऊन परत जाणार होतं. जीवनने कॅमेरा डोळ्याला लावून बघितला, काच पुसली, पुन्हा लावला. वेळ गेला. विमान काही निघेना. छायाचा फोन आला, "अहो, उशीर आहे म्हणे. काहीतरी तपासतायत. ती आतच आहे. मी इथेच दाराशी बसते, विमान उडेपर्यंत हलणार नाही."

"बरं," जीवन म्हणाला, आणि त्याच्या मनात एक अगदी लहानसा, चोरटा आनंद उमटला. त्याची त्याला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून आनंद काही गेला नाही. तो बाभळीला टेकून बसला. ऊन मऊ झालं होतं. त्याला वाटलं, विमान रद्द झालं तर? आज राहील, उद्याही राहील. मग आपण तिला या बांधावर आणू, आणि ती पट्ट्यांकडे बघून ओरडेल. तो जागा होता की झोपेत, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. सगळं शिवार त्या उजेडात कसं हलकं झालं होतं, जमिनीला नुसतं टेकून राहिल्यासारखं.

तेवढ्यात खिशातला मोबाइल थरथरला. स्नेहाचा मेसेज होता.

"येते बाबा."

जीवनने तो वाचला. पुन्हा वाचला. स्नेहा येते म्हणतेय. म्हणजे विमान रद्द झालं! त्याने तिला फोन लावला, तर बंद. हिची बॅटरी कधी पुरलीय! छायाला लावला, तर ती दुसऱ्या फोनवर बोलतेय. बहिणीलाच कळवत असणार. माणसाला जे हवं असतं तेच वाचता येतं, आणि जीवनला दुसरं काही वाचायचंच नव्हतं.

त्याने कॅमेरा पिशवीत घातला, चेन लावली आणि उड्या मारत स्कूटरकडे निघाला. पिवळा रेनकोट फडफडत होता.

"मावशी, लेक येतेय! विमान रद्द झालं!"

"आगं बया! बरं झालं की!" रंगूबाईंना त्याच्याइतकाच आनंद झाला. "थांबा, पोरीला फुलं घेऊन जा." त्यांनी बाजूला काढलेल्या फुलांतली ओंजळभर त्याच्यापुढे धरली. बाजारात मिटलेल्या कळ्या जातात. ही पूर्ण उमललेली, म्हणून कुणी न घेणारी. "आमच्या कामाची नाय, पन घरात लय शोभत्यात."

त्याने फुलं स्कूटरच्या पुढच्या पिशवीत नीट ठेवली आणि निघाला. शेताच्या कच्च्या वाटेने, विमानतळाच्या दाराकडे. दारात जायचं नव्हतं ना त्याला? आता मात्र कधी एकदा त्या दारात पोचतो असं झालं होतं. गर्दी असू दे, काच असू दे. ती बाहेर येताना दिसेल, समोरून, तोंड आपल्याकडे करून. तो गुणगुणत होता.

शेततळ्याला वळसा घातला आणि घरघर आली. आधी पाठीमागून की पुढून कळेना. मग ती सगळीकडून आली, पाण्यावर शहारा उठला, पट्ट्या वेड्यासारख्या फडफडल्या, आणि झाडांवरून विमान वर आलं. सोनेरी नाक, सोनेरी पंख, खिडक्यांची चमचमती ओळ. असा उजेड त्याला इतक्या वर्षांत कधी मिळाला नव्हता. कॅमेरा पिशवीत होता, आणि पिशवीची चेन लावलेली होती. विमान त्याच्या डोक्यावरून गेलं, त्याची सावली गुलाबांवरून सरकली आणि तो मान वळवून बघेपर्यंत ते सूर्यात शिरलं.

स्कूटर बंद पडली होती. मागून रंगूबाई हातातलं खुरपं हलवत येत होत्या.

"दादा, गेली की ओ तुमची लेक!"

"नाही मावशी," जीवन म्हणाला. "ती येते म्हणालीय. हे बघा." आणि त्याने खरोखरच मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

रंगूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी मोबाइलकडे पाहिलंही नाही, त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "आवं दादा," त्या हळूच म्हणाल्या, "जाताना जाते कोन म्हनतं का? येतेच म्हनत्यात."

जीवन तसाच उभा राहिला. आभाळात आता काहीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा पोरीने जाताना येते म्हटलं, आणि ते ओळखू आलं नाही असा बाप सगळ्या जिल्ह्यात तो एकटाच असावा. तो हसला आणि हसता हसता त्याला रडू आलं. रंगूबाईंनी पदर पुढे केला नाही की समजूत घातली नाही. त्या स्कूटरला हात लावून नुसत्या उभ्या राहिल्या.

छाया विमानतळाच्या दाराशी पायरीवर बसली होती. डोळे लाल, पण चेहरा निवांत. "उडालं बघा व्यवस्थित," ती म्हणाली. "मिळाला का फोटो?" जीवनने तिच्या हातात गुलाब दिले. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने असं काही केलं नव्हतं, त्यामुळे तिने आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप नाही ना, ते बघितलं.

दिल्लीहून फोन आला तेव्हा दोघं जेवायला बसले होते. फुलं स्टीलच्या तांब्यात, ताटांच्या मध्ये. छायाने स्पीकर लावला. पोचले, बॅग आहे, खाल्लं, सगळं झालं. मग स्नेहा म्हणाली, "बाबा, फोटो आला?"

"नाही आला."

"मला दिसलात तुम्ही. आधी तळं दिसलं, मग पिवळा ठिपका. पण तुम्ही बांधावर नव्हतात. वाटेला लागला होतात. विमानासाठी थांबलासुद्धा नव्हतात." तिचा आवाज बारीक झाला. "कुठे निघाला होतात?"

जीवनने हातातला घास ताटात ठेवला.

"तुला घ्यायला," तो म्हणाला.

पलीकडे विमानतळावरच्या घोषणा ऐकू येत होत्या. कुठलं कुठलं विमान कुठल्या कुठल्या दारातून सुटणार होतं. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"मी येते म्हटलं म्हणून?"

"हो."

"अहो बाबा..." ती हसली की काय केलं, ते नीट कळलं नाही. "थांबा. आता पुन्हा सांगते. पुढच्या विमानासाठी आत जायचंय मला." तिने घसा साफ केला, शाळेत जाताना दारात करायची तसा. "येते मी, बाबा."

छायाने ओठांवर आलेला शब्द गिळला आणि नवऱ्याकडे पाहिलं. आज उत्तर द्यायची पाळी त्याची होती.

"ये," जीवन म्हणाला.