डांबराच्या वासाची झबली

बारशापर्यंत बाळाला नवं कापड लावायचं नाही, ही आमच्या घरची रीत. म्हणून सासूबाईंनी माझ्या नवऱ्याची, निकेशची, लहानपणची झबली पेटीतून काढली. धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. वास मात्र डांबराच्या गोळ्यांचा. गोळ्या बाजारातल्या नव्हत्याच. निकेशच्या तळोज्याच्या कंपनीत काँक्रीटमध्ये मिसळायचं रसायन बनतं, त्यासाठी नॅप्थलिनची पोती येतात. त्यातलेच मूठभर पांढरे पापुद्रे तो दरवर्षी आईच्या पेटीत टाकायचा. "वितळत नाय, सरळ हवेत उडतं," कौतुकाने सांगायचा.

चौथ्या दिवशी माझं पिल्लू हळदीसारखं पिवळं पडलं. लंगोटावर काळ्या चहासारखा डाग. पनवेलच्या दवाखान्यात त्याला डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली निजवलं. मी काचेबाहेर. दूध दाटून ब्लाउज भिजत होता, आणि त्याला घेता येत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी झबलं नाकाशी धरलं. "काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक उणीव असते. या वासाने त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. रक्त बदलावं लागेल."

"आमी रोज ती पोती फोडतो, मॅडम," निकेश पुटपुटला. "आमाला काय नाय होत."

"तुम्हाला नाही होत. त्याला होतं."

त्या आत गेल्या, तेवढ्यात सासूबाई घरून आल्या. दवाखान्यात जायचं म्हणून पेटीतलं ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या, हातात उरलेल्या झबल्यांची पिशवी.

"उघडा ठेवलाय पोराला. यातला एक तरी घाल गो. निकेश यातच वाढला, कदी शिंक नाय आली त्याला."

मी पिशवी घेतली नाही. "आई, जरा लांब उभ्या राहा."

"का? मी परकी हाय?"

निकेशने सांगितलं. फरशीकडे बघत, एका दमात.

त्या रडल्या नाहीत. पदर नाकाशी नेऊन हुंगला. मग मागे सरत सरत पार जिन्यापाशी गेल्या आणि तिथून हळूच विचारलं, "इथून येतो का गो वास?"

मला तो सगळीकडेच येत होता.

"नाही येत, आई."

नर्स रक्ताची पिशवी घेऊन आली. काचेवर पडदा ओढला गेला, दार लागलं. निकेश दाराशी, मी काचेशी, त्या जिन्याशी. कोणी कोणाजवळ गेलं नाही.