कर्नलसाहेबांची शपथ

आमच्या ऑफिसच्या देशाचं नाव मी सांगणार नाही. एक तर सांगायची बंदी, आणि तो देश आता एक आहे की दोन, हे मलाच धड माहीत नाही. मी मॉली, मूळची वसईची. २००८च्या क्रॅशमध्ये मी नोकरीला होते ती रिअल इस्टेट कंपनी बुडाली, तेव्हा दुबई मरीनातल्या ह्या ऑफिसात सेक्रेटरी म्हणून चिकटले. काम काय, तर त्या देशाच्या सैन्यासाठी बूट खरेदी करणं. साहेब होते कर्नल खैरुद्दीन. लढाई त्यांनी फक्त टीव्हीवर पाहिलेली, पण बुटाची शिवण तपासण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे.

पुढे २०११मध्ये तिकडे यादवी पेटली. साहेबांचा थोरला, युसुफ, सरकारच्या सैन्यात. धाकटा इद्रिस बंडखोरांच्या. खरं सैन्य आमचंच, असं दोघांचंही म्हणणं, म्हणून बूटही दोघांना आमच्याकडूनच हवे. आम्ही मुकाट्याने दोघांना पाठवत होतो.

एक दिवस दोन्हीकडून हुकूम आला. रविवारी सकाळी दहाला व्हिडिओ कॉलवर निष्ठेची शपथ घ्या, तुमचा मुलगा समोर उभा असेल. घेतली नाहीत, तर गद्दाराचा मुलगा म्हणून त्याला तुरुंगात टाकू.

"एकाकडे वेळ बदलून मागा ना," मी म्हटलं.

"ज्याच्याकडे मागेन तो विचारेल, दहाला दुसरं काय काम काढलंत?" एवढं बोलून साहेब खुर्चीत बसले ते उठेचनात.

मला त्या दोन्हीकडच्या मेल्यांचा असा संताप आला. दोन्ही शपथा प्रिंट करून शेजारी ठेवल्या, तर शब्दन् शब्द तोच! नवं सरकार म्हणवणाऱ्यांनी जुनीच शपथ उचलली होती. फरक काय तो झेंड्याचा, त्यांनी त्यावरचा तारा काढला होता. मग दोनदा म्हणायचीच कशाला? मी स्टोअरमधला जास्तीचा झेंडा घरी अल कुसैसला नेला आणि ताऱ्याची शिवण उसवायला बसले.

लेक टेसा बघत होती. "ममा, दॅट्स चीटिंग."

"गप बस आणि होमवर्क कर."

रविवारी साहेबांना खोलीच्या कोपऱ्यात उभं केलं. उजव्या भिंतीवर ताऱ्याचा झेंडा, डाव्या भिंतीवर बिनताऱ्याचा. दोन लॅपटॉप असे तिरके लावले की प्रत्येकात आपापलाच झेंडा दिसावा. एका सरकारचा इअरफोन डाव्या कानात, दुसऱ्याचा उजव्या. आवाज मात्र एकच, तो दोन्ही लॅपटॉपच्या माईकला जाणार.

"यल्ला, चला," साहेब म्हणाले आणि त्यांनी हात वर केला.

एका स्क्रीनवर युसुफ उभा, दुसऱ्यावर इद्रिस. दोघेही वाळून काटकुळे झालेले. साहेब छान म्हणत गेले, पण "शत्रू सख्खा असला तरी माझी गोळी थांबणार नाही" ह्या ओळीशी अडले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मी लॅपटॉपच्या मागून त्यांना दोन्ही हात जोडले. मग त्यांनी दोन्ही लॅपटॉपच्या मधून समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघत ती ओळ म्हणून टाकली.

खलास. दोन्हीकडचे जनरल उठून टाळ्या वाजवायला लागले. साहेबही दोघांना मान लववत होते, एकदा इकडे, एकदा तिकडे. मला हसू आवरेना. सुटली पोरं, म्हणत मी चहा टाकायला वळले.

परत आले तर स्क्रीन काळे, इअरफोन साहेबांच्या गळ्यात लोंबत होते.

"दोघेही फार खूश आहेत," साहेब म्हणाले. "बाप निष्ठावान निघाला, आता मुलावर पूर्ण भरवसा, म्हणाले. आजच आघाडीवर पाठवतायत."

"कुणाला?"

"दोघांना. एकाच पुलावर. युसुफ ह्या टोकाला, इद्रिस त्या."

मी चहा तसाच टेबलावर ठेवला.

"मिस मॉली," त्यांनी अगदी ऑफिसच्या आवाजात विचारलं, "शपथ रद्द करायची असेल, तर अर्ज कुणाच्या नावाने करायचा?"