पिवळ्या बसमधली डॉक्टरेट

माझी बायको डार्लीन कॅनडातल्या लार्कहिल गावच्या शाळेत उपमुख्याध्यापिका, आणि मी त्याच शाळेची बस चालवतो. म्हणजे घरी आणि कामावर, दोन्हीकडे वरिष्ठ तीच. एकावन्नाव्या वर्षी तिच्या मनाने घेतलं की डॉक्टरेट करायची. सॅस्काटून शहरात जाऊन करायची तर दोन वर्षं घर आणि नोकरी सोडावी लागणार. म्हणून तिने घरबसल्या करता येईल असं इंग्लंडमधलं एक विद्यापीठ शोधून काढलं. विषय मात्र आमच्याच रस्त्यावरचा होता: खेड्यापाड्यांतली मुलं रोज बसमध्ये किती वेळ अडकून पडतात, आणि त्याचा अभ्यासावर काय परिणाम होतो.

आमच्या शाळा ज्या कार्यालयाखाली येतात तिथले प्रमुख लॉर्न हॅडफील्ड. डार्लीन त्यांच्याकडे फीला मदत मागायला गेली, तर ते खुर्चीत रेलून म्हणाले, "इंटरनेटवरची डॉक्टरेट? टोस्टर घेतला की सोबत मिळते, तीच का?"

"फुकट मिळत असती तर तुमच्या दारात आले असते का?" डार्लीन म्हणाली.

मदत मिळाली नाही. वर्षाला साडेसात हजार डॉलर, अशी सहा वर्षं. त्यात फी पाउंडात. पाउंड वर गेला की आमच्या ताटातलं मांस कमी व्हायचं. दुसऱ्या वर्षी माझी बर्फावरची स्नोमोबाईल विकली, चौथ्या वर्षी मासेमारीची होडी. सकाळी कॉफी प्यायला जमलेले शेतकरी गव्हाच्या भावावर बोलायचे आणि मी पाउंडच्या.

शेवटी प्रबंध झाला आणि तोंडी परीक्षेची तारीख आली. मार्चचा शेवटचा मंगळवार, इंग्लंडच्या दुपारी तीन वाजता, व्हिडिओवरून. डार्लीनने सहा तास वजा केले, म्हणजे आमचे सकाळचे नऊ. घरचं इंटरनेट वारा सुटला की जातं, आणि आमच्याकडे वारा रोज सुटतो. म्हणून शाळेतून बोलायचं ठरलं. त्या दिवशी ती माझ्याच बसमध्ये बसली. वरती चांगला निळा कोट, खाली बर्फातले बूट, मांडीवर प्रबंध. मागे अकरा मुलं.

बरोबर आठ वाजता तिचा फोन वाजला.

"मिसेस प्रोकोपचुक," एक घोगरा इंग्रज आवाज म्हणाला, "आम्ही दोघंही परीक्षक हजर आहोत. तुम्ही दिसत नाही."

डार्लीनचा चेहरा पांढराफटक पडला. रविवारी इंग्लंडमध्ये घड्याळं तासभर पुढे केली होती. आमच्या सॅस्कॅचेवान प्रांतात घड्याळाला कुणी हात लावत नाही, त्यामुळे दुसरे लावत असतील हे आमच्या डोक्यातच येत नाही.

"थोड्या वेळाने जमेल का?" तिने विचारलं.

नाही जमणार. दुसऱ्या परीक्षक बाई स्कॉटलंडच्या, त्यांना साडेचारची गाडी पकडायची होती. आज नाही तर थेट जूनमध्ये, आणि तोवर आणखी एका सत्राची फी. शाळा पंचवीस मिनिटांवर, आणि वाटेत दरी. दरीत फोन बंद पडतो.

आता विकण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. मी बस बंद पडलेल्या धान्याच्या कोठाराशेजारच्या चढावर नेऊन उभी केली. तिथे फोन चांगला चालतो.

"मुलांनो," डार्लीन मागे वळून म्हणाली, "तासभर गप्प बसाल?"

"मिसेस पी, पहिल्या तासाला गणिताची चाचणी आहे," आठवीतली कॅसिडी म्हणाली. "आम्ही संध्याकाळपर्यंत गप्प बसतो."

मी शाळेला वायरलेसवरून कळवलं: बस उभी आहे, मुलं सुखरूप, कारण शैक्षणिक. फोन डॅशबोर्डवर माझ्या हातमोज्याला टेकवला आणि परीक्षा सुरू झाली.

"हा घरघर आवाज कसला?" इंग्रज प्राध्यापकांनी विचारलं.

"इंजिन आहे, सर. बंद केलं तर आम्ही गोठू."

अर्धा तास सगळं सुरळीत चाललं. डार्लीन असं काही बोलत होती की मला शब्द कळत नव्हते, पण बायको मोठी आहे एवढं कळत होतं. मग स्कॉटलंडच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या चौथ्या प्रकरणातला आकडा मला फुगवलेला वाटतो. सहा वर्षांचं मूल सकाळी दीड तास बसमध्ये? हे शक्य आहे?"

डार्लीन उत्तर द्यायच्या आत मागून पहिलीतली ब्रिन ओरडली, "मी पावणेसातला बसले!"

प्राध्यापक चष्मा वर करून पडद्याजवळ आले. "तिथे मुलं आहेत?"

"अकरा," मी म्हणालो. मला बोलायचं नव्हतं, पण कुणीतरी बोलायला हवं होतं.

"ही तुमच्या संशोधनातली मुलं आहेत का? पालकांची लेखी परवानगी घेतली आहे?"

"नाही सर," डार्लीन म्हणाली. "ही फक्त उशीर झालेली मुलं आहेत."

"रोज एवढा वेळ लागतो का, बाळ?" स्कॉटलंडच्या बाईंनी ब्रिनला विचारलं.

"रोज नाही," ब्रिन म्हणाली. "आज तुमच्यामुळे जास्त लागला. आणि मला शू लागलीय."

कॅसिडी तिला घेऊन कोठाराच्या आडोशाला गेली. दार उघडताच उणे बारा अंशांचा वारा आत घुसला आणि प्रबंधाचं पाचवं प्रकरण बसभर उडालं. मुलं वाकवाकून पानं गोळा करायला लागली. चौथीतली एक मुलगी पान हातात धरून मोठ्यांदा वाचायला लागली, "तक्ता पाच... यात बेरीज चुकलीय."

बेरीज खरंच चुकली होती. परीक्षकांच्याही नजरेतून सुटली होती.

दहा मिनिटं त्यांनी आपापसांत चर्चा केली. मग प्राध्यापक परत आले. "अभिनंदन, डॉक्टर प्रोकोपचुक. किरकोळ दुरुस्त्या करा. पहिली कोणती ते तुम्हाला कळलंच आहे."

बसमध्ये असा गलका झाला की फोन हातमोज्यावरून घसरून खाली पडला. डार्लीन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "अरे, चल आता. गणिताची चाचणी आहे त्यांची." मुलांना ती इतकी दुष्ट कधी वाटली नसेल.

आम्ही पाऊण तास उशिरा पोहोचलो. दोघांनाही ताकीद मिळाली, तिचं पत्र तर चांगलं दीड पानाचं.

पदवी पोस्टाने आली. पगारवाढीसाठी कार्यालयाने गुणपत्रिका मागितली. त्या डॉक्टरेटला गुणच नसतात, नुसतं पास किंवा नापास. "गुण नाहीत अशी कसली परीक्षा?" हॅडफील्डनी विचारलं. मग परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेला तीनशे डॉलर भरले. चार महिन्यांनी पत्र आलं की ही पदवी कॅनडातल्या डॉक्टरेटच्या बरोबरीची आहे. डार्लीन ते घेऊन गेली. हॅडफील्डनी पत्र दोनदा वाचलं, पगाराचा तक्ता काढला आणि ते पहिल्यांदाच जरा ओशाळले.

"डार्लीन, या तक्त्यात शेवटचा रकाना पदव्युत्तरचा आहे. त्याच्यापुढे कागदच संपतो."

घरी हे ऐकून मी खूप शिव्या दिल्या. ती मात्र शांत होती. "पगार राहू द्या," तिने त्यांना सांगितलं होतं, "प्रबंध वाचा."

त्यांनी वाचला असावा. कारण सप्टेंबरात आमच्या मार्गाचे दोन भाग झाले आणि दुसरी बस सुरू झाली. ब्रिन आता साडेसातला बसते, पोटात नाश्ता घालून.

बसचालकांना पैसे किलोमीटरवर मिळतात. सहा वर्षं मी जिची फी भरली, त्या डॉक्टरेटने माझाच पगार एक तृतीयांश कापला. हे मी डार्लीनला सांगितलं तेव्हा ती हसून हसून लालेलाल झाली आणि मग उठून माझ्या पेरोगींवर, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्यांवर, जास्तीचा कांदा घालून आणला. सकाळचा तो वाचलेला पाऊण तास आम्ही आता स्वयंपाकघरात कॉफी पीत बसतो. खिडकीबाहेर उजाडत असतं. पाउंडचा भाव काय चाललाय, मला माहीत नाही.